जुनी इलेक्ट्रिक गाडी घेतोय, बॅटरी तपासायची कशी? बेळगाव, निपाणी, कोल्हापूरकडच्यांनी सांगा

वडगावचा_पक्या
मंडळी, दोन महिने घरात चर्चा करून थकलो, आता तुमच्या पुढ्यात टाकतोय.

राहायला बेळगावात वडगाव, नोकरी संकेश्वरला. येऊनजाऊन रोजचे शंभर किलोमीटर. डिझेलची गाडी दहा वर्षांची झाली आणि महिन्याला बारा-साडेबारा हजार नुसतं डिझेल पितेय. बजेट सात-आठ लाख. तेवढ्यात नवी घेतली तर लहान बॅटरीची मिळते, म्हणून जुनी नेक्सॉन ईव्ही बघूलालोय, पहिली 30.2 युनिटवाली. दोन नजरेत आहेत.

एक इथल्याच एका यार्डात. 2021ची, MH-14 पासिंग, 46,000 किमी, 7.40 लाख सांगतोय. गाडी चकाचक. वर लॅमिनेट केलेला कागद दिलाय, त्यावर मोठ्या अक्षरात ‘बॅटरी हेल्थ 97 टक्के’. बघायला गेलो तेव्हा स्क्रीनवर 70 टक्के चार्ज आणि 168 किमी रेंज दाखवत होती.

दुसरी कोल्हापुरात, घरगुती मालक. ही पण 2021ची, MH-09, 61,000 किमी, 7.25 लाख. बॅटरीची हेल्थ विचारली तर मालकीणबाई म्हणाल्या, “चालते की रोज!” विषय संपला.

पेट्रोल गाडी असती तर ऑइलचं झाकण उघडलं असतं, धूर बघितला असता, इंजिनाचा आवाज ऐकला असता. हिचं काहीच उघडत नाही, काहीच वाजत नाही. आमचे बाबा म्हणाले, “चिंचलीच्या जत्रेत बैल घेताना दात बघतात. हिचे दात कुठे आहेत ते आधी विचार.”

तर, दात कुठे असतात?

निपाणीची_वखार
बाबांना नमस्कार सांगा, प्रश्न बरोबर विचारलाय.

माझ्याकडे हीच गाडी आहे, 2021ची, 58,000 झालेत. दोन गोष्टी लगेच सांगतो. एक, स्क्रीनवरची 168 किमी रेंज विसरा. तो आकडा बॅटरीचा नव्हे, मागचे काही किलोमीटर कोण कसं चालवत होतं त्याचा. यार्डातल्या पोराने आवारात हळूहळू चार फेऱ्या मारल्या की आकडा फुगतो. माझ्या मेहुण्याने एकदा चालवली आणि परत दिली तेव्हा भरल्या बॅटरीवर 190 दाखवत होती, आठवडाभर मी चालवल्यावर तीच 225 वर आली. बॅटरी तीच, पाय वेगळा.

दोन, तो लॅमिनेट केलेला कागद कुणी काढला, कधी काढला, कुठल्या यंत्राने काढला? सही-शिक्का कुणाचा? माझ्या गाडीची बीएमएस, म्हणजे बॅटरी सांभाळणारी यंत्रणा, अजून 98 सांगते आणि मला पक्कं ठाऊक आहे ती 98 नाही.

हिंडलगा_एक्सप्रेस
एवढं डोकं कशाला लावायचं? आठ वर्षं किंवा 1,60,000 किमी वॉरंटी आहे बॅटरी-मोटरला. 2021ची गाडी 2029 पर्यंत सुरक्षित. घ्या आणि पळवा.

निपाणीची_वखार
वॉरंटी आहे हे खरं. पण त्यासाठी वॉरंटीचं पुस्तक वाचायचं असतं. सर्व्हिस वेळेवर झालेली असावी लागते, पॅकला खालून मार बसला असेल तर हात वर करतात, पाण्यात गेली असेल तरी तेच. आणि क्लेम मंजूर झाला तरी पॅक येईपर्यंत गाडी उभी. पक्याशेठ तोवर संकेश्वरला काय एसटीने जाणार?

आणि नवीन गाड्यांच्या ‘आजीवन वॉरंटी’च्या जाहिराती बघून जुन्या बाजारात जाणाऱ्यांनीही जरा थांबा. महिंद्राच्या बीई 6ला आजीवन आहे ती पहिल्या मालकाला. गाडी दुसऱ्याच्या नावावर गेली की 10 वर्षं किंवा 2 लाख किमी. जुनी घेणारा नेहमी दुसराच मालक असतो.

उद्यमबागचा_फिटर
आलो. कामावरून आत्ता सुटलो, चहा घेऊन बसलोय, त्यामुळे लांब लिहिणार.

पक्या, तुमच्या पोस्टमधला सगळ्यात महत्त्वाचा आकडा 97 नाही, 168 पण नाही. 70 आहे. यार्डात गाडी कायम साठ-सत्तर टक्क्यांवर उभी असते. ठेवायला ते चांगलंच, महिनोन्‌महिने फुल भरून उन्हात ठेवली की कुठलीही लिथियम बॅटरी लवकर म्हातारी होते. पण दाखवायलाही तेच सोयीचं असतं, कारण मधल्या टक्क्यांत सगळ्याच बॅटऱ्या साधू.

का ते सांगतो. नेक्सॉनच्या सेली एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट. एक सेल 3.2 व्होल्टची धरली आणि पॅक 320 व्होल्टचा, तर शंभर सेली एकामागे एक ओळीने. आता एलएफपीचा स्वभाव असा की 20 टक्क्यांपासून 80 टक्क्यांपर्यंत व्होल्टेज फार तर एक दशांश व्होल्ट हलतं. सपाट माळ. चांगली सेल आणि दुखरी सेल माळावर शेजारी शेजारी उभ्या केल्या तर उंची सारखीच दिसते. खाली 15 टक्क्यांच्या आत गेल्यावर उतार सुरू होतो, तिथे दुखरी सेल आधी घसरते. किंवा अगदी वर, 95च्या पुढे, तिथे ती आधी भरून उड्या मारते.

आणि ओळ असल्यामुळे सगळी मदार त्या एका सेलीवर. पंगत समजा. शंभर पानं मांडलीत. एकाच्या पानावरचा भात संपला की बीएमएस सगळी पंगत उठवतो, बाकीच्या नव्व्याण्णव पानांवर भात शिल्लक असला तरी. म्हणून बॅटरी दोन तऱ्हेने वाईट असते. एक, सगळीच पानं थोडी लहान झालीत, म्हणजे सरळ वय झालं. ही गाडी घ्यायला माझी ना नाही, फक्त पैसे त्या मानाने द्या. दुसरी, नव्व्याण्णव ठीक आणि एक गळकं. ही फुकट मिळाली तरी विचार करा.

तर दात बघायचे ते खाली आणि वर. 10 टक्क्यांपर्यंत उतरवून बघा आणि 100 पर्यंत भरून बघा. जो विकणारा यातलं एकही करू देत नाही, त्याच्याकडून चहा प्या आणि निघा.

ओबीडीचा, म्हणजे गाडीच्या तपासणीच्या सॉकेटला लावायचा, ब्लूटूथ डोंगल हजाराच्या आत मिळतो, मोबाईलवर ॲप टाका. सगळ्यात वरची आणि सगळ्यात खालची सेल यातला फरक मिलिव्होल्टमध्ये बघा. माझा ठोकताळा: 50-60 टक्क्यांवर गाडी उभी असताना 10-20 मिलिव्होल्ट, ठीक. 10 टक्क्यांवर चढाला ॲक्सिलरेटर दाबल्यावर शंभराच्या आसपास, चालेल. दीडशे-दोनशेच्या पुढे गेला आणि पाय काढल्यावरही खाली येत नसेल तर सोडा. एमजीची पहिली झेडएस किंवा ह्युंडाईची कोना बघत असाल तर त्यांच्या सेली एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट), त्यांना माळ नाही, सरळ उतारच आहे, त्यामुळे दुखणं मधेही दिसतं. एलएफपीवाल्यांनी मात्र खाली उतरायलाच हवं.

पुण्यातली_टिळकवाडी
फिटरदादा, पंगतीचं उदाहरण आमच्या ऑफिसात वापरणार आहे.

पक्या, MH-14 म्हणजे पिंपरी-चिंचवड. तिकडून येणाऱ्या गाड्यांत एक गोष्ट नक्की बघा: आधी कंपन्यांच्या माणसांची ने-आण करत होती का. खासगी इलेक्ट्रिकची पाटी हिरवी आणि अक्षरं पांढरी, टॅक्सीची हिरवी आणि अक्षरं पिवळी. पिवळीची पांढरी करून विकलेल्या गाड्या असतात. टॅक्सीत चालली म्हणून गाडी वाईट असं नाही, पण ती दिवसातून दोनदा डीसी फास्ट चार्जरवर भरलेली असते आणि 46,000 वर माझा विश्वास बसणार नाही. आरसीवरचा वाहन वर्ग, मागचे मालक, विम्याचे जुने कागद, सगळं जुळवून बघा. सर्व्हिसच्या प्रत्येक जॉबकार्डवर किलोमीटर लिहिलेले असतात. मागचे आकडे पुढच्यापेक्षा मोठे निघाले तर हसू नका, असं झालंय माझ्या मैत्रिणीच्या बाबतीत.

चोर्ला_रायडर
+१. आणि रॅम्पवर चढवून खालून बघा. व्हील अलाइनमेंटवाल्याकडे शे-दोनशे दिले की वर घेतात. पॅकच्या पत्र्याला खरवड, पोचा, नव्याने काळा मारलेला रंग, बोल्टच्या डोक्यावर पान्याच्या खुणा. आमच्या खानापूर भागातले स्पीडब्रेकर कुणी बांधले देव जाणे, पोट घासल्याशिवाय सोडत नाहीत.

मास्तर_खानापूर
चर्चा उत्तम चालली आहे. परंतु एक दुरुस्ती. ‘एक सेल 3.2 आणि पॅक 320 म्हणून शंभर सेली’ हे ओळीतल्या पायऱ्यांचे गणित झाले. एकेका पायरीत समांतर किती सेली आहेत ते त्यातून कळत नाही.

दुसरे, हेल्थ म्हणजे टक्के हा शब्द सगळे वापरतात, पण कशाचे टक्के? 30.2 हा पॅकचा एकूण आकडा. वर आणि खाली काही भाग बीएमएस राखून ठेवते, म्हणून स्क्रीनवरचे 0 ते 100 हे 30.2 युनिटांचे नसते. घरी मोजून 28 आले म्हणून कुणी ‘सात टक्के गेली’ म्हणून रडू नये. माहितीपत्रकाशी तुलना न करता त्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीशी करावी, त्याच मीटरवर, त्याच चार्जरवर.

निपाणीची_वखार
मास्तर, तेच सांगायला परत आलोय. मी गाडी नवी असल्यापासून एका वहीत लिहितो. चार्जरच्या सॉकेटला वेगळा सब-मीटर आहे. पद्धत अगदी साधी: मीटरवर आत गेलेली युनिटं भागिले वाढलेले टक्के. म्हणजे स्क्रीनवरच्या एका टक्क्याला किती युनिट लागलं.

नवी होती तेव्हा टक्क्याला 0.334. आता मागच्या महिन्यात 10 वरून 100 पर्यंत भरली, 29 युनिटं गेली, म्हणजे 0.322. घरच्या सॉकेटवरच्या एसी चार्जिंगमध्ये दहा-पंधरा टक्के गाडीच्या आतल्या चार्जरमध्ये उष्णता होऊन जातात, पण माझं नव्याचंही तसंच मोजलंय, त्यामुळे तुलना चालते. साडेतीन टक्के घट. बीएमएस दोनच सांगते.

पक्याशेठ, हा 0.334 आकडा घेऊन जा. तुमचा गज तो.

अजून एक. विकणाऱ्याच्या मोबाईलमध्ये पब्लिक चार्जरचं ॲप असतं. त्यातली जुनी बिलं मागा. किती टक्क्यांवर लावली, कितीवर काढली, किती युनिटं गेली, हे बहुतेक ॲपमध्ये राहतं. डीसी चार्जरवर मोजणी गाडीत शिरणाऱ्या डीसी विजेची असली तर घरच्यासारखी दहा-पंधरा टक्क्यांची वजावट नसते. दोन वर्षांपूर्वीचं आणि आत्ताचं बिल शेजारी ठेवलं की बॅटरीची जन्मपत्रिकाच. शिवाय फास्ट चार्जिंग रोजचं होतं की सणासुदीचं, तेही कळतं.

चोर्ला_रायडर
ट्रायल कुठल्या बाजूला घेता त्यावर पण असतं बघा. यार्डवाले बेळगावातून उत्तरेला नेतात, उतार. बेळगाव साडेसातशे मीटरवर, कोल्हापूर साडेपाचशेच्या आसपास. जाताना गाडी राणी, येताना खरं कळतं.

मास्तर_खानापूर
दोनशे मीटर चढण, माणसांसकट सोळाशे किलो. वस्तुमान गुणिले 9.8 गुणिले 200, येतात साधारण 31 लाख ज्यूल, म्हणजे 0.87 युनिट. मोटरचा तोटा धरून एक युनिट. या गाडीला तीन-साडेतीन टक्के. जाताना तेवढेच वाचतात असे धरले तर जाण्या-येण्यात सहा-सात टक्क्यांचा फरक निव्वळ उंचीचा. दोन्ही बाजूंनी चालवल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

हिंडलगा_एक्सप्रेस
मास्तर, दहावीला तुम्ही असता तर मी फिजिक्समध्ये पास झालो असतो.

कागदवाला_चिकोडी
बॅटरीवर सगळे बोलले, कागदावर कुणी नाही. सीमाभागात अर्धे लोक इथंच फसतात.

दोन्ही गाड्या MH. कर्नाटकात आणायची तर मूळ आरटीओची एनओसी, फॉर्म 28. मालकी बदलाला 29 आणि 30. कर्ज असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म 35. इथे आल्यावर नवा नंबर पडायला फॉर्म 27. कायद्यानं दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त ठेवली की नवा नंबर घ्यावाच लागतो. “आमचं निम्मं गणगोत कोल्हापूरलाच, MH-09 वर कोण विचारतंय” हे कारण चौकात चालतं, विम्याचा क्लेम करताना चालत नाही.

कर: 2024 पासून कर्नाटकात 25 लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांना 10 टक्के आजीवन कर लागला. तेव्हा सात लाखांची गाडी त्या रांगेत नव्हती, तरी पैसे देण्याआधी आरटीओच्या खिडकीवर त्या दिवशीचा नियम विचारा.

जीएसटी: यार्डवाला “वरती 18 टक्के जीएसटी” म्हणाला तर त्याला विचारा कशावर. डिसेंबर 2024च्या जीएसटी कौन्सिलच्या निर्णयानं जुन्या इलेक्ट्रिकवर 18 टक्के आहे, पण ते नोंदणीकृत व्यापाऱ्याच्या नफ्यावर. पूर्ण किमतीवर नाही. घरगुती माणसाने घरगुती माणसाला विकली तर काहीच नाही.

वडगावचा_पक्या
पाच दिवसांनी लिहितोय. एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. सगळ्यांना माझ्याकडून कुंदा.

यार्डच्या गाडीची हकिगत.

आधी सर्व्हिस सेंटरला फोन केला, बॅटरीचा रिपोर्ट द्याल का म्हणून. पलीकडून “आगल्ल सर, ओनर बेकु.” मालकच हवा. बरोबरच आहे त्यांचं.

यार्डात म्हटलं, मला गाडी 10 टक्क्यांपर्यंत उतरवायची आहे. आधी नाही, मग मालकाला फोन, मग हो, पण आमचा मुलगा सोबत येणार. म्हटलं या. त्या दिवशी 62 टक्के होते. फिटरअण्णांनी डोंगल दिलेला तो लावला. वडगाव ते संकेश्वर आणि परत, माझाच रोजचा रस्ता, एसी चालू, सत्तरच्या स्पीडने.

जाताना काही नाही. संकेश्वरला 40. सेलींतला फरक 15-18 मिलिव्होल्ट. यार्डाचा मुलगा म्हणाला, “सर, 97 म्हणजे 97.” मलाही वाटायला लागलं उगाच संशय घेतला. हत्तरगीचा टोल ओलांडला तेव्हा 27. फरक 40.

मग वंटमुरीचा घाट. घाट कसला, आपल्याला रोजची चढण. 19 टक्के दिसत होते. पुढे उसाचा ट्रॅक्टर, दोन ट्रेलर लावलेला. त्याला ओलांडायला पाय दाबला आणि फरकाचा आकडा 90, 160, 240, 310 असा पळाला. पाय काढला. आकडा दोनशेच्या खाली येईना. मी मोबाईलकडे बघतोय तोवर मुलगा ओरडला, “सर, सहा!” स्क्रीनवर 19चे सरळ 6 झाले होते. मधले आकडे कुठे गेले ते त्या गाडीलाच माहीत. लगेच स्क्रीनवर कासव आलं, स्पीड मरायला लागला. मागून टँकर हॉर्न मारतोय, डाव्या पट्टीला घेतली, दोन्ही इंडिकेटर लावले.

पाच मिनिटं बसलो. उसाचा वास, टायरचा वास, आणि शेजारी तो पोरगा मालकाला फोनवर सांगतोय, “अण्णा, चढ होता म्हणून.”

काकतीपर्यंत तीसच्या स्पीडने आणली. यार्डात ठेवली तेव्हा 3 टक्के.

उद्यमबागचा_फिटर
310. आणि पाय काढल्यावर दोनशेच्या खाली नाही. मला अजून काही सांगायची गरज नाही.

मास्तर_खानापूर
थोडी घाई होते आहे. एलएफपीमध्ये व्होल्टेज सपाट असल्याने बीएमएसचा टक्क्यांचा अंदाज वाहवत जातो. गाडी महिनोन्‌महिने 60-70 वर उभी असेल, कधी पूर्ण भरली नसेल, तर तिचे ‘19’ मुळात 8 असू शकते. म्हणूनच कंपन्या एलएफपी गाडी अधूनमधून 100 पर्यंत भरायला सांगतात. भरल्यावर हिशेब जुळतो आणि सेलीही समान होतात. सेल दुखरी आहे असे म्हणण्याआधी दोनदा पूर्ण, सावकाश, घरच्या चार्जरवर भरून पुन्हा उतरवावी.

उद्यमबागचा_फिटर
मास्तर, उडी मारणारे टक्के हिशेबाच्या चुकीने येतात, कबूल. पण 310 मिलिव्होल्ट ही हिशेबाची चूक नाही, ती मोजणी आहे. सगळ्या सेली एकत्र तळाला गेल्या असत्या तर सगळ्या एकत्र पडल्या असत्या. इथे एक पडली.

मास्तर_खानापूर
तळाशी गेल्यावर निरोगी पॅकमध्येही फरक वाढतो, हे आपणच वर लिहिले आहे. मी ‘घ्या’ म्हणत नाही, ‘पुन्हा तपासा’ म्हणतो.

पुण्यातली_टिळकवाडी
दोघांचंही बरोबर आहे आणि पक्याच्या नोकरीला रोज घाट चढायचा आहे, हे तिसरं बरोबर.

वडगावचा_पक्या
मास्तरांचा शब्द ठेवला. यार्डवाल्यालाही सांगितलं, तुमच्याच भल्याचं आहे. दोन रात्री 15 अँपियरच्या सॉकेटवर पूर्ण 100 केली म्हणाले. तिसऱ्या दिवशी पुन्हा तोच रस्ता. या वेळी टक्क्यांनी उडी मारली नाही, तेवढं मास्तरांचं खरं. पण 12 टक्क्यांवर, सपाट रस्त्यावर, फरक 280. उभी करून दहा मिनिटं थांबलो, 190. यार्डवाल्याने तिथल्या तिथे साठ हजार कमी केले. आणि म्हणाला, “वॉरंटीत बदलून मिळेल की.” मग तूच बदलून का घेत नाहीस, एवढंच विचारलं. उत्तर नाही आलं. आता शनिवारी कोल्हापूर.

निपाणीची_वखार
सोडलीत ते बरं केलंत. कोल्हापूरची 2021ची आहे तर एक विचारून घ्या, जुलै 2021च्या पुरात गाडी कुठे होती. तेव्हा शिरोलीला हायवेवर पाणी, इकडे वेदगंगेचं यमगर्णीत पाणी, रस्ता बंद. पॅक आयपी 67 असतो, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. पार्किंगमध्ये दोन दिवस बुडाली तर त्या आकड्याला अर्थ नाही. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, शेवटच्या वितीत चिखलाची रेघ राहते, ती कुणी धुवत नाही.

उद्यमबागचा_फिटर
जाताना माझ्याकडून सब-मीटरचा बोर्ड घेऊन जा. भाडेकरूंसाठी बसवतात तो मीटर, लाकडी फळीवर ठोकलाय, एका बाजूला 16 अँपियरचा प्लग, दुसऱ्या बाजूला सॉकेट. दिसायला कळकट आहे, पण खोटं बोलत नाही. वायर जाड आहे, एक्स्टेंशन बॉक्स मधे लावू नका, वितळेल.

वडगावचा_पक्या
शनिवार-रविवारचा अहवाल.

मालकीणबाई डॉक्टर. गाडी रोज दवाखाना आणि घर, महिन्यातून एकदा गडहिंग्लजला माहेरी. पुराचं विचारलं तर म्हणाल्या, गाडी ऑगस्टला घेतली, पुरानंतर. आरसीवर तारीख तीच. तरी सीटबेल्ट ओढला, स्वच्छ. रॅम्पवर घेतली, पॅकला एक बोटभर खरवड, पत्रा आत गेलेला नाही. सर्व्हिसचे सगळे कागद एका प्लास्टिकच्या पिशवीत तारखेने लावलेले. तेव्हाच बाबा माझ्या कानात म्हणाले, “घेऊन टाक.” त्यांना गप्प केलं.

त्यांना म्हटलं, रात्रभर गाडी तुमच्याच दारात राहू दे, फक्त मला माझ्या बोर्डावरून चार्ज करू द्या. बाईंनी बोर्डाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. “हे आमचं घर पेटवणार नाही ना?” फिटरअण्णांना व्हिडिओ कॉल लावून दिला तेव्हा कुठे पटलं.

दिवसभर दोन्ही बाजूंनी फिरवून संध्याकाळी 12 टक्क्यांवर आणली. कागलच्या पुढे चढाला पाय दाबून बघितला, फरक 85, पाय काढल्यावर 30. रात्री साडेआठला लावली. मीटरचा आकडा फोटो काढून ठेवला. सकाळी 100 झाली होती, मीटरवर 26.4 युनिटं. टक्के वाढले 88. भागाकार 0.30.

वखारवाल्यांच्या नव्या गाडीचा 0.334 धरला तर दहा टक्के गेली. बीएमएस 96 सांगतेय.

आता तुम्हीच सांगा, यार्डची 97वाली सोडून ही 90वाली घ्यायची म्हणजे घरात समजावायचं कसं?

उद्यमबागचा_फिटर
यार्डवाल्या गाडीत नव्व्याण्णव पानं भरलेली आणि एक गळकं. बाईंच्या गाडीत सगळी पानं दहा टक्के लहान. पंगत पूर्ण होतेय. तुमचा फेरा शंभर किलोमीटरचा, निम्मीच बॅटरी लागते. असंच घरात सांगा.

मास्तर_खानापूर
भागाकार बरोबर आहे. मात्र दोन वेगवेगळ्या मीटरची तुलना झाली, एक-दोन टक्के इकडेतिकडे धरावेत. शक्य असल्यास वखारवाल्यांची गाडी एकदा त्याच बोर्डावर भरून बघावी.

निपाणीची_वखार
बोर्ड निपाणीतूनच जाणार आहे ना परत? द्या एक रात्र. मलाही बघायचंय.

हिंडलगा_एक्सप्रेस
किंमत किती पाडली ते सांगा.

वडगावचा_पक्या
मी पाडलीच नाही. 0.30चा हिशेब कागदावर मांडून दाखवला, मास्तरांच्या दुरुस्तीसकट. बाईंनी वाचला, म्हणाल्या, “म्हणजे दहा टक्के गेलीय. मला कुणी सांगितलंच नाही.” आणि स्वतःहून 7.25ची 6.90 केली. पन्नास हजार टोकन देऊन आलोय. एनओसीचा अर्ज सोमवारी, चिकोडीकर अण्णा, तुमचा फोन खाजगी निरोपात टाका.

बोर्ड आत्ता निपाणीत आहे. वखारवाल्यांनी रात्री आठला लावलाय म्हणे, 11 टक्क्यांवरून.

निपाणीची_वखार
सकाळ झाली. 11 ते 100, 28.3 युनिटं. भागा मास्तर.

मास्तर_खानापूर
0.318. आपल्या वहीत 0.322 आहे. फिटरांचा मीटर एक टक्क्याने कमी मोजतो असे दिसते. म्हणजे पक्यांची गाडी 90 नव्हे, 91.

उद्यमबागचा_फिटर
बोर्ड परत आणा आता. भाडेकरू विचारतोय, या महिन्यात बिल शून्य कसं.